वीट आली, वीट आला

पांढुर्णा
२८ जानेवारी १९८७

ती. ताईस,
सुधाकरचा सप्रेम सलाम वि. वि.

महिना झाला, तुझं पत्र नाही. मंगला म्हणते तू शाळेच्या कामात बुडाली असशील. मी म्हणतो ताई रुसली आहे. दोघांपैकी कोण बरोबर ते कळव, म्हणजे घरातला वाद मिटेल. इकडे आम्ही खुशाल. मृग बहाराचा माल उतरायला लागला आहे. दिल्लीचे व्यापारी बागेबागेतून फिरून राहिले आहेत आणि मी त्यांच्या मागे मागे. संत्र्याच्या धंद्यात माणसाने एक तर पाय मजबूत ठेवावेत नाही तर जीभ. माझे गुडघे गेले, आता जिभेवर भागवतो.

आता कामाचं. रेल्वे फाटकापलीकडे बाबांनी उभं केलेलं आपलं प्रार्थनामंदिर यंदा ईस्टरला पंचवीस वर्षांचं होईल. रौप्यमहोत्सवासाठी आवाराला पक्की भिंत घालून लोखंडी गेट बसवायचं असं पंचांनी ठरवलं आहे. मुख्य पंच मीच, तेव्हा धावपळही माझीच. घरटी विटा मागितल्या आहेत आणि मंडळी हौसेने आणून देत आहेत. भिंत हवीच होती ग. विहीर आपल्या आवारात, आणि शेजारच्या मोहल्ल्यातल्या बाया उजाडल्यापासून तिच्यावर. आपण डोळे मिटून गीत म्हणावं आणि तिकडे गुंड-घागरी-बादल्यांचा खणखणाट, भांडणं, चिखल. देवाच्या घराला हे शोभतं का?

८ फेब्रुवारीच्या रविवारी भिंतीसाठी खास उपासना आहे. वचन तू वाचावंस अशी सगळ्यांची इच्छा आहे. बायबलातल्या जुन्या संदेष्ट्यांपैकी कोणी तरी निवड. त्यांचं रागावणं तुझ्या आवाजाला शोभतं. लहानपणी मला अभ्यासाला बसवताना तू अगदी तसंच बोलायचीस.

अंबाबाई अजून झाडायला आणि माठ भरायला येते. मोहल्ल्यातली आहे, आपल्या मंडळीतली नाही, तरी उपासना संपेपर्यंत मांडीवर झाडू घेऊन दाराशी बसते. सौंसरच्या बहनजी कवा येतीन म्हणून नेहमी विचारते. तेव्हा तिच्यासाठी तरी ये.

आमच्यावरचा राग असेल तर तो तिकडेच ठेवून, माया तेवढी बरोबर आण.

तुझा,
सुधाकर


सौंसर
२ फेब्रुवारी १९८७

चि. सुधाकर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तू हरलास, मंगलाही हरली. मी बुडाले नव्हते आणि रुसलेही नव्हते. नुसता आळस. शिक्षिकेला आळस करायची मुभा नसते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

येते मी. आमोस वाचीन. मेंढरं राखणारा, अंजिराच्या झाडांची निगा करणारा माणूस तो, म्हणजे आपल्या बागवानांच्याच जातकुळीतला. देवळात भरपूर गाणं-बजावणं चाललेलं असताना हा तिथे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, देवाला तुमच्या सणांचा, तुमच्या बळींचा, तुमच्या गाण्यांचा वीट आला आहे. त्याला हवा आहे तो न्याय, पाण्यासारखा वाहणारा. तुमच्या पंचांना हे चालेल ना? कोणी उठून गेलं तर मला बसवर पोचवायला तू तरी मागे राहा.

एक विचारायचं राहिलं. गेटला कुलूप असणार, म्हणजे किल्लीही असणारच. ती कोणाकडे राहणार, आणि मोहल्ल्यातल्या बायांनी पाण्याला कधी यायचं, ते तू लिहिलं नाहीस. बाकी सगळं लिहिलंस.

मंगलाला सांग, माझ्यासाठी झुणका कर, जास्तीचं काही करू नको. तुम्हां दोघांवर माझा जीव आहे, तो तुम्ही जपून वापरा.

तुझी,
ताई


सौंसर
१२ फेब्रुवारी १९८७

चि. सुधाकर यास,
आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचले. बसमध्ये जागा मिळाली आणि शेजारच्या बाईने सौंसर येईपर्यंत सुनेची गाऱ्हाणी सांगितली. आमोस परवडला.

माझं वाचन छान झालं असं सगळे म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. कोणी उठून गेलं नाही. उलट ठेकेदार मनोहर पुढे येऊन म्हणाला की काय झणझणीत वचन होतं, भिंतीला आणखी शंभर विटा माझ्याकडून. आमोस स्वर्गात कपाळाला हात लावून बसला असेल.

पण खरी मौज अंबाबाईची. तू जेवणाच्या पंगतीत होतास, तुला अर्धीच कळली. दुपारी ती पदरात काही तरी झाकून आली आणि माझ्यापुढे एक वीट ठेवली. झिजलेली, एका कडेला शेवाळ. दाराशी पाय धुवायला ठेवलेली तिची एकुलती एक वीट. म्हणाली की बहनजी, सारे जण विटा देऊन राहिले तवा मी गप्प होती, पण आज तुमच्या पुस्तकात देवानं सोताच वीट मांगली, मग कशी नाही आनू. मला आधी समजेचना. मग लक्षात आलं की मी वाचलं होतं, देवाला वीट आला! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला समजावून सांगितलं. अंबाबाई, वीट आली नव्हे, वीट आला. ती वीट निराळी, हा वीट निराळा. वीट आला म्हणजे कंटाळा आला, नकोसं झालं. तिने विचारलं की देवालेही कंटाळा येते काय. मी म्हटलं, येतो की. वीट तिथेच ठेवून ती झाडू घेऊन गेली. तेवढ्यात बसची वेळ झाली म्हणून तू ओरडलास.

तिची वीट गेटच्या खांबात बसवायला तू मिस्तऱ्याला सांगितलंस, ते बरं केलंस. किल्लीचं मात्र तू या खेपेलाही टाळलंस. मी शाळेत चाळीस पोरं सांभाळते, प्रश्न टाळणाऱ्याचं तोंड मला पाठमोरंसुद्धा ओळखता येतं.

मंगलाच्या झुणक्याला दहापैकी दहा. माझी आठवण तोंडी लावायला ठेवा.

तुझी,
ताई


पांढुर्णा
२२ एप्रिल १९८७

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

ईस्टरला तू आली नाहीस याची फार चुटपुट लागली. तुझा ताप उतरला का? काढा घे आणि शाळेला चार दिवस विसर.

समारंभ दृष्ट लागण्यासारखा झाला. भिंत पुरी झाली, पांढरा रंग दिला, गेटला हिरवा. नागपूरहून पाहुणे पाळक आले होते. ते म्हणाले की इतकी शांत उपासना त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नाही. खरंच ग, शांतता अशी की गीत संपल्यावर पिंपळाची सळसळ ऐकू येत होती. बाबा असते तर त्यांना किती बरं वाटलं असतं.

किल्ली माझ्याकडे आहे. तू विचारून राहिली होतीस म्हणून सांगतो. विहीर बंद ठेवायची हा पंचांचा निर्णय आहे, माझ्या एकट्याचा नाही. मार्चच्या सुरुवातीला कुलूप लागलं आणि मोहल्ल्यातला देवीदास, नगरपालिकेत नोकरीला आहे तो, दुसऱ्याच दिवशी विचारायला आला. मी म्हटलं अर्ज द्या, बैठकीत ठेवतो. त्यावर तो शांतपणे म्हणाला की पाण्यासाठी हात जोडणं आमच्या आजोबांनीच सोडलं, मी फक्त विचारायला आलो होतो, मागायला नाही. आणि गेला. मला ते लागलं. इतकी वर्षं पाणी भरलं, त्याचं काही नाही?

अंबाबाई यायची बंद झाली. मी निरोप पाठवला की तुला कोणी मना केलं नाही, तुझ्यासाठी गेट उघडू. आली नाही. रुसली असेल. म्हाताऱ्या माणसांचं असंच.

तब्येतीचं लिही. तू रागावलीस तरी चालेल, पण सविस्तर रागाव.

तुझा,
सुधाकर


सौंसर
९ मे १९८७

चि. सुधाकर यास,
आशीर्वाद वि. वि.

ताप उतरला. आता सविस्तर रागावते.

बाबांनी आधी विहीर खणली आणि मग मंदिर बांधलं, हे तू विसरलास? मोहल्ल्यातल्याच माणसांनी माती उपसली होती. बाबांकडे द्यायला फारसं काही नव्हतं. ते म्हणाले की पाणी लागलं तर ते तुमचं-आमचं मिळून. आपण दोघं त्या मातीच्या ढिगावर खेळलो. तू घसरून पडलास तेव्हा तुला उचलून आईकडे आणलं ते अंबाबाईच्या नवऱ्याने. आणि देवीदासने इतकी वर्षं पाणी भरल्याचे उपकार मानावेत म्हणतोस! कोणाचे?

तुला शांत उपासना हवी होती, ती मिळाली. पण मी वाचलं ते तू ऐकलंस की नुसतं ते चांगलं वाटलं? सगळेच संदेष्टे तेच सांगून दमले. यशया म्हणाला, तुम्ही हात पसराल तेव्हा देव डोळे झाकून घेईल. त्यांना गाण्याचा राग नव्हता रे, उपासाचा नव्हता. दाराबाहेर माणूस तहानलेला ठेवून आत देवाला गोड लागेल असं गाण्याचा राग होता. प्रार्थनेला हात जोडायचे तर हातातली किल्ली आधी खाली ठेवावी लागते, एवढं साधं आहे.

इथल्या एका शिक्षकाचं माहेर, म्हणजे त्याच्या बायकोचं, तुमच्या मोहल्ल्याजवळ आहे. ती सांगत होती की बाया आता रेल्वे फाटकाजवळच्या नाल्यात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यावर जातात. उतार दगडांचा आहे, तुला माहीत आहे. सुधाकर, गेट उघड. पंचांना विचारत बसू नको. मी तुला कधी काही मागितलं नाही. हे मागते.

रागावले आहे तरी तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.

ताई


पांढुर्णा
१९ जुलै १९८७

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लावले. रोज लिहायला घ्यायचो आणि हिशेबाची कामं आठवायची.

पावसाचा पत्ता नाही. पेरलेलं करपून चाललं. बागांची पानं दुमडली आहेत, आंबिया बहार हाती लागेल असं वाटत नाही. मागच्या शुक्रवारी आम्ही उपवासाची प्रार्थना ठेवली. सगळी मंडळी आली, दिवसभर कोणी पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपारी मी प्रार्थनेला उभा राहिलो आणि प्रभू, आम्हांला पाणी दे, असं म्हणालो. ताई, ते शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मला तुझं पत्र आठवलं. पुढचं बोलता येईना. लोकांना वाटलं उपवासाने चक्कर आली. मनोहरने मला धरून खाली बसवलं.

त्याच दिवशी सकाळी अंबाबाई झिऱ्याच्या उतारावर पडली होती. मला संध्याकाळी कळलं. खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात गेलो तोवर तिची लेक कलाबाई तिला घेऊन मोहगावला निघून गेली होती. आपण घसरगुंडी करायचो तोच उतार, ताई.

मी बैठकीत गेट उघडण्याचं काढलं. पंच म्हणाले, पाऊस पडू दे, मग बघू. मी ऐकून घेतलं. का ऐकून घेतलं ते मला विचारू नको.

इतकंच लिहवतं आहे.

सुधाकर


सौंसर
२४ जुलै १९८७

सुधाकर,

किल्ली तुझ्याकडे आहे. पंचांकडे नाही.

आज आशीर्वाद, लोभ काही लिहीत नाही. ते बाकी ठेवले आहेत, गेट उघडलंस की घेऊन जा.

ताई


पांढुर्णा
१३ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
सलाम वि. वि.

आशीर्वाद न्यायला आलो आहे, पण ते मिळण्यासारखं काही उरलं आहे का, तूच ठरव.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी कोणाला न विचारता कुलूप काढलं. मोहल्ल्यात स्वतः सांगत फिरलो. कोणी वाईट बोललं नाही. एका बाईने बसायला पोतं टाकलं, चहाचं विचारलं. सगळ्यांनी हो हो म्हटलं आणि कोणीही आलं नाही. देवीदासने खेटे घालून नगरपालिकेकडून मोहल्ल्यात हँडपंप बसवून घेतला होता. त्याच आठवड्यात पंपाला पाणी लागलं होतं. आमच्या उपवासापेक्षा त्याचे खेटे कामाला आले, असं मंगला म्हणाली. मी तिला गप्प केलं नाही.

आणि विहिरीचं सांगतो. उपसा थांबला की पाणी नासतं, हे मला शिकवायला नको होतं, बागवानाचा मुलगा नसलो तरी जन्म बागांत गेला. पाच महिने पिंपळाचा पाला आत कुजत होता आणि बाहेरून आम्ही देवाच्या घराची भिंत रंगवत होतो. पहिली बादली काढली तर वास सहन होईना. आता रोज सकाळी मी आणि आमचा गडी चिंधू उपसतो. गुडघे ओरडतात, ओरडू दे. पंचपद सोडलं. कोणी थांब म्हणालं नाही.

एक काम कर, ताई. मोहगाव तुझ्यापासून जवळ आहे. अंबाबाईला भेट. सांग की चुकलं माझं. तिला चालता येत नसेल तर मी गाडी करून आणतो, मंदिरामागच्या खोलीत ठेवतो, मंगला तिचं सगळं करायला तयार आहे. मीच जायला हवं, पण तिच्यासमोर उभं राहायचा धीर होत नाही. लहान भावाला पाठीशी घालायची तुझी जुनी खोड आहे, ती या एकदा उपयोगी पडू दे.

तुझा,
सुधाकर


सौंसर
४ ऑक्टोबर १९८७

चि. सुधाकर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

बाकी ठेवलेले आशीर्वाद आधी घे. तू उशीर केलास, पण केलंस. मंगलालाही सांग.

काल मोहगावला गेले. कलाबाईचं घर बसथांब्यापासून जवळच आहे. अंबाबाई ओसरीवर खाटेवर बसली होती. खुबा वाकडा जुळला आहे, भिंत धरून अंगणापर्यंत जाते, त्यापुढे नाही. मला पाहून इतकी हरखली की मलाच लाज वाटली. आधी नातीला हाक मारून पाणी द्यायला लावलं. मग तुझं, मंगलाचं, तुझ्या गुडघ्यांचं, संत्र्याच्या भावाचं, सगळं विचारलं.

मी तुझा निरोप सांगितला. ती म्हणाली की भाऊनं कायले माफी मांगा लागते, त्याईनं तं देवाचंच ऐकलं. मला कळेना. मी विचारलं, तू रुसून यायची बंद झालीस ना? ती म्हणाली की रुसीन कायले, बहनजी. तुमीच तं समजावून सांगतलं होतं, देवाले वीट आला म्हणून. घरी जाता जाता मी विचार केला, कोनाचा आला असंन? आतमंदी बसते ते लोक आंघोळ करून, धुतले कपडे घालून येतेत, त्याच्यासाठी गानं म्हनतेत. त्याईचा कसा येईन? आमचाच आला. आमी भांडतो, कालवा करतो, चिखल करतो. मंग कुलूप लागलं, तवा पक्कं समजली. देवालेच नको तं कायले जाव.

सुधाकर, तू कुलूप लावलंस, पण त्याआधी मी लावलं होतं. तुला एवढी पत्रं लिहिली, एवढे संदेष्टे सांगितले, आणि त्या दुपारी त्या बाईला वीट आला की आली ते शिकवून मी बसकडे धावले. देवाला वीट आला तो कोणाचा, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते सोडून मी व्याकरण सांगितलं आणि हसले.

पुस्तक पिशवीत होतं. तिथेच काढलं आणि तोच भाग तिला पुन्हा वाचून दाखवला, सावकाश, एकेक शब्द फोडून. सांगितलं की अंबाबाई, हे तुमच्याबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे. धुतले कपडे घालून गाणी म्हणणाऱ्यांबद्दल. त्याला आमचा वीट आला. तिने सगळं नीट ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली की तुमी चांगली मानसं, म्हणून असं म्हनता. मी पुन्हा सांगितलं. कलाबाईनेही सांगितलं. ती नुसती मान हलवून हसत राहिली, लहान मूल काही तरी बोललं की आपण हसतो तशी. परत यायला ती तयार नाही. तुझ्यावर राग नाही, मुळीच नाही. देवाला त्रास नको, असं म्हणते.

निघताना तिने मला थांबवलं. म्हणाली की बहनजी, तुमचं त्याच्यासंगं रोजचं बोलनं आहे, आमचं नाही. तवा आमच्यासाठी एक शब्द टाकजा. सांगजा त्याले, अंबाबाई आता चिखल नाही करनार म्हणून.

मी हो म्हणून आले. दुसरं काय म्हणणार होते? रात्री प्रार्थनेला बसले आणि तिचा निरोप ओठांवर आला तो तिथेच राहिला. सकाळी पुन्हा तेच झालं. तू माझ्या आधी या वाटेने गेला आहेस, म्हणून तुला विचारते. तो निरोप मी त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने सांगू?

मला लवकर पत्र लिही. इतकी वर्षं मी तुला माया देत आले. आता थोडी तुझ्याकडून हवी आहे.

तुझी,
प्रेमलता